पडायचा क्लास

काजूच्या फॅक्टरीला बुधवारी सुट्टी,
म्हणून बुधवार.
बाकीची कारणं मागाहून सुचली.

माझे हात बघा. राख चोळूनही
काजूच्या डिकाने काळे, बोटांची टोकं सोललेली.
ही बाई या वयात कुणाला मारायला शिकणार
हे कटरवरच्या सगळ्यांना विचारायचं होतं.
"कोण काय बोललो काय गो तुका?"
नाही.
"मगे घोव?"
घोव सहा महिने बोटीवर, दोन महिने झोपेत.
तोही काही बोलत नाही.

एकदा जेटीवर बांगड्यांची पाटी उचलली
तेव्हा अंगात किती बळ आहे ते कळलं,
आणि ते ठेवायचं कुठे ते कळेना.
एवढंच.

आधी शाळेच्या पटांगणात गेले. निवतकर सर, कराटे.
तीस पोरं, पांढरेशुभ्र कपडे, एका दमात आरोळी.
त्यात नणंदेचा वेदांग.
मला बघून त्याची लाथ अर्ध्यातूनच खाली आली.
सर म्हणाले, ताई,
पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं.

मग देवळामागे दाजी केळुसकर.
सत्तरी उलटली तरी लाठी फिरली की दिसत नाही,
नुसता आवाज,
झावळीतून वारा काढता पाय घेतो तसा.
मन तिथेच बसलं होतं खरं तर.
दाजी म्हणाले, शिकवीन,
पण आधी घरी विचारून ये.
घरी गेले. विचारायला कोणीच नव्हतं.
तरी परत गेले नाही, का कोण जाणे.

पुतण्याने मोबाइलवर सतराशे साठ प्रकार दाखवले.
यातला सगळ्यात चांगला कुठला?
तो म्हणाला, काकी, तुझी कंबर दुखते ना?
कुस्ती नको. घाटावर तांबडी माती असते,
आपल्याकडे जांभा.
जांभ्यावर कोण पडणार?

चर्चच्या हॉलमध्ये ग्लोरिया मिस. ज्युडो.
गाद्या तिने स्वतः शिवलेल्या:
वर ताडपत्री, आत काथ्या.
कुजवलेल्या सोडणांचा ओळखीचा वास,
बसलं की टोचतं.
किती दिवसांत जमेल, मी विचारलं.
पहिला महिना पडायचं, ती म्हणाली.
कुणी पाडणार नाही. आपलं आपण पडायचं.

मी हसले. मग हसू राहिलं.
पडशील हं, असं मला
विहिरीच्या शेवाळल्या पायरीवर, होडीत चढताना,
लग्नात शालूच्या निऱ्या सावरताना
ज्याने त्याने सांगितलं होतं.
पडावं कसं, ते कुणी नाही.

हनुवटी छातीला. डोकं उचललेलं.
जमिनीला आधी हात दे,
पाठ मागाहून.
पहिल्या बुधवारी बत्तीस वेळा पडले.
तेहतिसाव्याला मिस म्हणाली, आता बरं.
काय बरं झालं ते मला कळलं नाही.

गुरुवारी कोपर वर होईना.
दोन किलो कमी भरले.
मुकादमीण बोलली नाही,
वहीत लिहिलं तिने.

काल ओहोटीला बंदराकडच्या ओल्या वाळूत
एकटीच सराव करत होते.
डावीकडे. उजवीकडे. मागे.
रापण ओढून झाली होती,
माणसं वाटे घालत होती,
कावळ्यांचं लक्ष तिकडे.
भिकू खवणेकर हातातल्या दोरासकट धावत आला.
"काय झाला गो? पडलंस?"

पडलंय नाय, म्हटलं.
पडतंय.

दोर तसाच ठिबकत होता.
त्याने माझ्याकडे बघितलं, वाळूतल्या
माझ्या पाठीच्या ठशांकडे बघितलं,
एक, दोन, सात, आठ,
आणि म्हणाला,
"परत पड बगूया."